गुरांनी काढलेला नकाशा

ललिताचं गाव संगणकाच्या नकाशावर पहिल्यांदा उमटलं, ते घोटीच्या पुढच्या डोंगरात नव्हे, तर थेट नॉर्वेच्याही वर, बर्फाळ समुद्रात. अक्षांशाच्या रकान्यात रेखांश भरले गेले होते आणि रेखांशाच्या रकान्यात अक्षांश, एवढीच काय ती चूक. रविराज सर मागून आले, चष्मा कपाळावर सरकवून पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ललिता, तुमच्याकडे भात पिकतो म्हणाली होतीस ना? इथे तर अस्वलं पिकत असतील." नाशिकच्या कॉलेजातली ती अख्खी प्रयोगशाळा हसली. ललिताही पोट धरून हसली आणि मग तिनं गावाला समुद्रातून काढून सह्याद्रीत आणून ठेवलं.

शनिवारी होस्टेलवरून घरी आल्यावर चुलीपुढे बसून तिनं ही गंमत आईला सांगितली. भागीबाईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि काळजीनं विचारलं, "मग नीट केलं का तसंच ठेवून आली? थंडीनं मरतील ना माणसं."

ललिता शिकत होती त्या विषयाचं मराठी नाव भौगोलिक माहिती प्रणाली. एवढं नाव घेईपर्यंत घोटीची जीप सुटून जाते, म्हणून सगळे आपले जीआयएसच म्हणतात. या विषयातली एक गोष्ट ललिताला भारी आवडायची. नकाशा म्हणजे एक चित्र नव्हे, तर एकावर एक ठेवलेले थर. एका थरात ओढे, एकात रस्ते, एकात घरं, एकात शेतं. हवा तो थर दाखवायचा, नको तो एका टिचकीसरशी झाकायचा. गावातल्या भांडणाचाही असा वेगळा थर असता, तर तिनं तो कधीच झाकून टाकला असता.

कारण भांडण होतं, आणि चांगलं जुंपलेलं होतं. गावाच्या मधोमध ओढा. अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी वरची वाडी, पलीकडे जरा खालच्या अंगाला खालची वाडी. घोटीचा रस्ता अलीकडे, शाळा पलीकडे. म्हणजे पावसाळ्यात ओढ्यात उतरल्याशिवाय कुणाचंच चालत नसे. कित्येक वर्षं अर्ज करून करून अखेर एक साकव मंजूर झाला, माणसं आणि गुरं जातील एवढा छोटा पूल. जागा ग्रामसभेनं ठरवायची होती, आणि तिथेच माशी शिंकली. वरच्या वाडीला साकव आपल्या उंबराखाली हवा होता आणि खालच्या वाडीला आपल्या खळ्याशेजारी.

ललिताचा बाप पुंजा वरच्या वाडीचा आणि आई भागीबाई खालच्या वाडीची लेक. भागीबाईचा थोरला भाऊ काळू म्हणजे खालच्या वाडीचा आवाज. उन्हाळ्यातल्या सभेत तो कडाडला, "आमच्या पोरी नेल्या, आता पूल बी नेता का?" हशा पिकला असता आणि गोष्ट तिथंच मिटली असती. पण भागीबाई पदर खोचून उठली. "दादा, नेलेल्या पोरींना बी पाय असत्यात. पूल उंबराखालीच होणार." भरसभेत, आणि तीही सख्खी बहीण. काळूचा चेहरा उतरला. "मग तुझ्या दारात माझा पाय पडणार नाय," तो म्हणाला आणि तडक निघून गेला.

आणि खरोखरच पडला नाही. राखीला भागीबाई दिवसभर ओट्यावर बसून राहिली. घोटीच्या बाजारातून आणलेली राखी मग तांदळाच्या डब्यावर तशीच पडून राहिली, आणि ती तिथून हलवायची कुणाची छाती झाली नाही. बोलून कुणी दाखवत नव्हतं, पण घरात प्रत्येकाला एकच धास्ती होती: भाऊबीज. भाऊबीजेलाही काळू आला नाही, तर ही गाठ जन्मभर सुटायची नाही. ललिताला मामा लहानपणापासून बापापेक्षाही जवळचा. आईचं ते ओट्यावर बसणं आठवलं की प्रयोगशाळेतसुद्धा तिचा जीव कासावीस व्हायचा.

म्हणून सत्राच्या प्रकल्पासाठी तिनं हाच विषय घेतला. माणसं प्रत्यक्षात ओढा कुठून ओलांडतात, त्याचा नकाशा. खरं काय ते एकदा सगळ्यांना दिसलं की भांडायला उरतंच काय? विशीत माणसाला असं वाटतं, आणि वाटू द्यावं.

पद्धत सोपी होती. फोनमध्ये एक ॲप टाकायचं आणि ते चालू ठेवून नेहमीसारखं हिंडायचं. माणूस जिथून जाईल तिथून रेघ उमटत जाते. ललिता दोन्ही वाड्यांत घरोघर फिरली, ॲप टाकून दिलं आणि प्रामाणिकपणे समजावूनही सांगितलं, "जिथनं जास्त माणसं जातील, तिथं जास्त रेघा दिसतील. मग साकव कुठं पाहिजे ते आपोआप कळंल." हा प्रामाणिकपणाच तिच्या अंगाशी आला.

दुसऱ्या दिवसापासून गावाला चालण्याचं वेड लागलं. खालच्या वाडीत तिची मामी नवसाबाई घरातले सगळे फोन कमरेच्या पिशवीत घालून खळ्याजवळच्या पाण्यातून पलीकडे जायची, काम असल्यासारखं खोकायची आणि परत यायची. हंडा उचलायचा म्हटलं की ज्याची कंबर धरायची, तो पुंजा उंबराखालून तरण्या गड्यासारखा येरझारा घालू लागला. वरच्या वाडीच्या भजनी मंडळानं तर टाळ-मृदंगासकट ओढ्यातून दिंडी काढली, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या खिशात फोन चालू होता. ज्यांचं पलीकडे काडीचं काम नव्हतं, तेही दिवसभर ओले होऊन घरी येत होते. श्रावण संपेपर्यंत निम्म्या गावाला सर्दी झाली.

प्रयोगशाळेत नकाशा उघडला तेव्हा उंबराखाली आणि खळ्याशेजारी रेघांचे असे जाडजूड दोर वळले गेले होते, की खालचा ओढाच दिसेना. शेजारच्या संगणकावरचा सिन्नरचा योगेश वाकून बघत म्हणाला, "काय गं, तुमच्याकडे लोक शेतीची कामं कधी करतात?"

रविराज सरांनी दोरांवरून बोट फिरवलं. "हा वाहतुकीचा नकाशा नाही, हा मतदानाचा आहे. लोकांना नकाशासाठी चालायला लावलंस. नकाशा नसता तर ते कुठून चालले असते, ते शोध. ज्याला साकवाशी काही घेणंदेणं नाही, असं गावात कुणी आहे का?"

"नाय सर," ललिता रडवेली होऊन म्हणाली. गडबडली की तिच्या तोंडून गावची बोली निघायची. "आमच्याकडं पाळण्यातल्या पोराचं बी त्याच्यावर मत हाय."

त्या शनिवारी घोटीहून गावाकडे निघालेली जीप वाटेत थांबली. रस्त्यावरून गुरं चालली होती, आणि गुरं ती गुरंच. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, शिव्या हासडल्या, दारावर थापा मारल्या. एकानंही मान वळवली नाही. ती आपल्या मर्जीनं, आपल्या चालीनं, आपल्याला हवं तिथूनच रस्ता ओलांडत होती. ललिता मागच्या सीटवर एकटीच खदखदून हसायला लागली, तशी शेजारची बाई जरा सरकून बसली.

कॉलेजात, स्मार्टफोन नव्हते त्या काळातली, हातात धरायची जीपीएस यंत्रं होती, जाडजूड आणि दणकट. सरांनी ती कपाटातून काढून दिली. "हरवलीस तर माझ्या पगारातून कापतील," एवढंच बजावलं. ललितानं त्यांना जाड कापडाच्या पिशव्या शिवल्या आणि दोन्ही वाड्यांतल्या निवडक गुरांच्या गळ्यात घंटेशेजारी त्या बांधून टाकल्या. गावानं त्यांना 'ललीची डबडी' म्हणायला सुरुवात केली. साकवासाठी गुरांना फिरवावं, असं सुदैवानं कुणाच्या डोक्यात आलं नाही. चालून चालून दमलेल्या गावाला डबडी म्हणजे कॉलेजातलं काहीतरी खूळ वाटत होतं.

दोन्ही वाड्यांची गुरं एकाच कळपात चरत. एक दिवस वरच्या वाडीमागचा डोंगर, एक दिवस ओढ्यापलीकडचं गायरान. त्यांना वळायचा तो गोटीराम. कळप ओढा कुठून ओलांडतो, असं वरच्या वाडीत विचारलं की तो चहाचा घोट घेऊन म्हणे, "उंबराखालून." खालच्या वाडीत विचारलं की म्हणे, "खळ्याजवळनं." चहा दोन्हीकडे चांगला मिळत होता. खरं म्हणजे तो कळपाच्या इतका मागे असे, की गुरं ओढा कधी ओलांडत हेच त्याला ठाऊक नसायचं.

भाद्रपद सरत आला, पितृपक्षाचे दिवस आले, तेव्हा ललितानं यंत्रं उतरवून नाशिकला नेली. रेघा नकाशावर पसरल्या आणि ती जागची उठून उभी राहिली. वरच्या वाडीचे बैल, खालच्या वाडीच्या गाई, पूर असो नसो, सगळे एकाच जागी ओढा ओलांडत होते. ना उंबराखाली, ना खळ्याशेजारी. दोन्हींच्या मध्ये ओढ्याला एक वळण होतं, तिथं. तिनं दोन्ही वाड्यांतल्या घरांपासूनचं अंतर मोजलं, तर ते जवळजवळ सारखं. शिवाय तळाला सलग खडक, म्हणजे साकवाचा पाया घालायलाही सोयीची जागा. तिनं आनंदानं योगेशच्या पाठीत असा धपाटा घातला, की त्याच्या हातातला चहा सांडला.

मग तिनं आणखी एक गोष्ट केली. गुरं कुठं किती वेळ थांबतात ते रंगात दाखवायची सोय असते. जिथं जास्त थांबतील तिथं लाल. पाणवठा लाल झाला, डोंगरावरची सावली लाल झाली, ते अपेक्षितच होतं. पण एक लहानसा, गडद लाल ठिपका भलत्याच जागी उमटला. तिनं नकाशा मोठा केला. ठिपका होता वरच्या वाडीत, पुंजाच्या घराच्या मागच्या दाराशी. म्हणजे तिच्याच घराच्या. आणि रेघ होती काळूमामाच्या चांदणी गाईची.

घरी गेल्यावर तिनं लॅपटॉप आईसमोर धरला. "आई, मामाची चांदणी डोंगरावर चरायला आली की दुपारी आपल्या मागच्या दारी काय करती?"

भागीबाईनं ठिपक्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. चांदणी जन्मली होती ती याच घराच्या गोठ्यात. तिची आई वेतातच गेली, आणि भागीबाईनं वासराला बोटानं पेज चाटवून वाढवलं. पुढे काळूची दुभती गाय साप चावून मेली तेव्हा भागीबाईनंच ती लाडाची कालवड भावाच्या दावणीला नेऊन बांधलं.

"ती येती गं," भागीबाई हळूच म्हणाली. "येऊन दाराला शिंग घासती. मंग मी पेज घालते. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी बी आली. काय करू, हाकलू? तिच्या तोंडावरनं हात फिरवला का दादाच्या घरात जाऊन आल्यासारखं वाटतंय." तिचे डोळे भरून आले. मग एकदम तिचा आवाज करडा झाला. "पण हे कुणाला दाखवायचं नाय, लले. बापाला नाय आन् त्याला तर मुळीच नाय. झाकता येतंय म्हणती ना तू? मंग झाक."

ललितानं झाकलं. डोंगरावरून घराकडे येणारा तेवढा तुकडा चांदणीच्या रेघेतून कापून ठिपक्यासकट वेगळ्या थरात ठेवला आणि तो थर बंद केला. आईची लाज राखायची तर दुसरं काय करणार? शिवाय साकवाशी त्या ठिपक्याचा काय संबंध? असं तिनं स्वतःला समजावलं, पण मनातून तिला ते पटलं नव्हतं.

गांधी जयंतीची ग्रामसभा संध्याकाळी शाळेत भरली. रविराज सर स्वतः नाशिकहून प्रोजेक्टर घेऊन आले होते. शाळेच्या भिंतीवर गाव उमटलं तसा कलकलाट झाला. जो तो आपलं घर शोधू लागला, आणि सापडलं की ओरडू लागला. ललितानं गुरांच्या रेघा एकामागून एक दाखवल्या, वळण दाखवलं, खडक दाखवला. लोक गप्प होत गेले. गुरांवर पक्षपाताचा आरोप करायचा तरी कसा? गोटीराम तेवढा मागच्या मागे सटकायच्या बेतात होता.

तेवढ्यात काळू उठला. भिंतीजवळ जाऊन त्यानं चांदणीच्या रेघेवर बोट ठेवलं. "ही माझी गाय. डोंगरावर गेली. हितं रेघ तुटली. आन् मंग लय पुढं, दुसरीकडंच उगवली. मधी कुठं गेली होती ती? आभाळात?" तो खालच्या वाडीकडे वळला. "बघा. हितं काय तरी लपवलंय. एका ठिकाणी लपवलं तर सगळीकडंच लपवलं आसंल. वरच्या वाडीच्या पोरीनं काढलेला नकाशा हाय, दुसरं काय?"

खालची वाडी एकदम उसळली, वरच्या वाडीनं बाह्या सरसावल्या. ललिताच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं सरांकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत प्रश्न होता, आणि तो रास्त होता. सगळा खरा नकाशा त्या एका झाकलेल्या तुकड्यानं खोटा ठरत होता. खरं दाखवावं तर आईला दिलेला शब्द मोडतो, नाही दाखवावं तर साकव जातो आणि मामाही कायमचा जातो.

"दाखव, लले."

बायकांच्या घोळक्यातून भागीबाई उठली होती. उन्हाळ्यात पदर खोचून उठली होती, आज तोंडावर धरून. "झाकलेलं दाखव. मीच झाकाया लावलं व्हतं."

ललितानं टिचकी मारली. रेघ जोडली गेली. डोंगरावरून उतरून ती पुंजाच्या मागच्या दाराशी आली आणि तिथं तो लाल ठिपका भिंतीवर फुलला. सभेला आधी काही कळेना. मग हळूहळू कळलं.

"रोज?" काळूनं विचारलं.

"गुरं डोंगरावर आसली का रोज. पेज घालते," भागीबाई म्हणाली. "तिला कुणी सांगितलं नाय ना दादा, आपलं भांडण हाय म्हणून."

काळूनं कपाळावर हात मारून घेतला. "तरीच ही सांजच्याला वैरणीला तोंड लावत नाय! मी घोटीवरनं डॉक्टर आणला, अंगारा लावला, नवसाबाईनं तिची दृष्ट काढली! आन् ही हितं पोटभर पेज पिऊन येती व्हय?" बोलता बोलता त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता तो डोळे पुसू लागला. मग सगळी शाळाच हसली. दोन्ही वाड्या एका सुरात हसल्याचं कित्येक महिन्यांत कुणी ऐकलं नव्हतं. रविराज सर उगाचच प्रोजेक्टरची वायर नीट करत बसले.

"गुरांनी निकाल दिलाय, आपण कोण मोडणारे?" पुंजानं म्हटलं आणि वळणावरच्या साकवाला हात वर केला. खालच्या वाडीतून पहिला हात काळूचा होता. पण सभा पांगताना बहीणभाऊ एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. भागीबाई वर गेली, काळू खाली गेला, आणि दारात पाय ठेवणार नाही ही शपथ तशीच राहिली. ललिताला प्रकल्पात सगळ्यांत जास्त गुण मिळाले, तरी दिवाळी जवळ येईल तशी ती भाऊबीजेचे दिवस मोजत राहिली.

भाऊबीजेच्या सकाळी भागीबाईनं घर सारवलं, पाट मांडला, ताट तयार केलं आणि कुणी काही विचारू नये म्हणून उगाच सगळ्यांवर ओरडत राहिली. ऊन अंगणभर झालं. ललिता तिला आत चल म्हणणार, तेवढ्यात वळणाकडून ओळखीची घंटा ऐकू आली.

पुढे चांदणी होती. मागे विजार गुडघ्यापर्यंत वर घेतलेला, नवा सदरा पिशवीत घालून डोक्यावर धरलेला काळूमामा होता. साकवाचा अजून दगडही पडला नव्हता, आणि ओढ्याला अजून चांगलं पाणी होतं.

"पूल झाल्यावर आला आसता तर भिजला नसता," भागीबाई ओट्यावरून म्हणाली.

"मी थांबलो आसतो," काळू अंगणात उभा राहून म्हणाला, "पण ही थांबंना. आन् भागे, पाय ठेवणार नाय म्हणालो होतो, म्हणून आधी हिला पुढं घातलंय. हिच्या मागनं येतोय. चालंल ना?"

भागीबाईनं आत जाऊन तांदळाच्या डब्यावरची राखी आणली आणि ओवाळणीच्या ताटात ठेवली. काळू पाटावर बसला तेव्हा त्याच्या मनगटावर आधी श्रावणातली राखी बांधली गेली आणि मग भाऊबीजेची ओवाळणी झाली. ललिता हसत होती आणि रडत होती, आणि त्याची तिला जराही लाज वाटत नव्हती.

चांदणी सवयीनं घराला वळसा घालून मागे निघाली होती. भागीबाईनं तिला हाक मारून परत बोलावलं आणि पेजेचं घमेलं आणून त्या दिवशी पहिल्यांदाच पुढच्या दारात ठेवलं.